लग जाएगा, मास्साब!

मुलीच्या लग्नात मी दोन खून केले. दोन्हींची पावती जपून ठेवली आहे : बुंध्यामागे अठरा हजार, ट्रकचं भाडं निराळं, उतरवायला बोलावलेल्या हायड्रा क्रेनचे तीन हजार निराळे.

मयत दोघे बाटली पाम. नर्सरीवाले त्यांना ‘शॅम्पेन पाम’ म्हणतात. किंमत कानावर पडण्याआधीच गिऱ्हाइकाला थोडी चढलेली असावी, एवढाच त्या नावाचा हेतू. खाली रांजणासारखं पोट, वर एकाएकी आवळलेला गळा, डोक्यावर मोजून पाच झावळ्या. उंची दहा फूट. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रिसेप्शनला चार दिवस उरले असताना, नेपियर टाउनमधल्या आमच्या फाटकाशी हे दोघे हायड्राच्या आकड्याला लोंबकळत उतरले. बघायला गल्ली जमली. चिरंजीव बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर ‘‘बाबा, थोडं डावीकडे’’ असं सांगत होते. माळ्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं, तंबाखू गालात सरकवली आणि निकाल दिला, ‘‘लग जाएगा, मास्साब!’’

मास्साब म्हणजे मी. जबलपुरात मास्तर निवृत्त होतो, मास्साब होत नाही. एकतीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी फळ्यावर शेजारी शेजारी दोन वर्तुळं काढली. डावीकडे द्विदल वनस्पतीचं खोड, उजवीकडे एकदल वनस्पतीचं. डाव्या वर्तुळात रस वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे शिस्तीत गोल बसलेले आणि त्यांच्यामधून कँबियमची कडी. उजव्यात तेच जुडगे मुरमुरे सांडावेत तसे विखुरलेले, आणि कँबियम नाही. मग खडू फळ्यावर आपटून मी सांगायचो : ताड, माड, खजूर, सगळे या उजव्या वर्तुळातले. कँबियम नाही म्हणून यांची जखम भरत नाही. आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही. साऱ्या झाडाचा जीव शेंड्यातल्या एका कोंबात. तो गेला की झाड गेलं. लिहून घ्या, परीक्षेला येतं.

परीक्षेला आलं. मास्साब नापास झाले.

नापास कसे झाले, ते रीतसर सांगतो. पहिली चूक महिन्याची. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त गुरुजींनी काढला, हॉलचा मुहूर्त हॉलवाल्याने काढला, केटररचा मुहूर्त त्याच्या डायरीने काढला. झाडाचाही मुहूर्त असतो, हे घरात एकालाही सुचलं नाही. माझे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून रत्नागिरीकडून इथे आले. ते सांगत, माड लावायचा तर मृगावर. खड्डा आधी उन्हात तापू द्यायचा, तळाशी मीठ टाकायचं, पावसाने माती भिजली की रोप बसवायचं. आजोबांना कँबियम माहीत नव्हतं. त्यांचे माड जगले. कारण साधं आहे. ताडवर्गातल्या झाडांची मुळं उबदार मातीतच वाढतात. जूनच्या मध्यावर लावलेल्या झाडाला थंडीआधी पाच महिने मिळतात. डिसेंबरात लावलेल्या झाडाला मिळते गार, मुकी माती, आणि त्यात ते मूळ न हलवता वसंताची वाट बघत उभं राहतं. अतिदक्षता विभागात खाट मिळाल्यासारखं. फक्त आपण त्या खाटेला दिव्यांच्या माळा बांधतो.

‘‘जबलपुरात कसली आलीय थंडी?’’ असं विचारणारे नातेवाईक मला चांगले माहीत आहेत. ते मे महिन्यात येतात, भेडाघाटचे संगमरवरी कडे बघतात, ऊन लागलं म्हणून उसाचा रस पितात आणि परत जातात. त्यांनी जानेवारीत इथे पहाटे चारला अंगणात उभं राहावं. साधारण पारा आठ-नऊ अंशांवर असतो. उत्तरेकडून लाट आली की चारपर्यंत घसरतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. अशा रात्री उघड्या हिरवळीवर जमिनीलगतची हवा छापील आकड्याहूनही गार असते. पाटण-शहपुऱ्याकडचा मटारवाला शेतकरी या रात्रींना ‘पाला’ म्हणतो आणि बांधावर धूर करून जागत बसतो. त्याच्या मटारीला राखण होती. माझ्या छत्तीस हजारांच्या पाहुण्यांना नव्हती, कारण मालक रजईत होता.

आणि पाहुणे कुठले? बाटली पामचं मूळ घर मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रातून वर आलेलं राउंड आयलंड नावाचं एक बेट. चहूबाजूंनी उबदार खारं पाणी. तिथल्या रात्रीला आपला जानेवारी कसा असतो याची कल्पनाही नाही. माणसांनी सोडलेल्या शेळ्या-सशांनी त्या बेटाची पालवी अशी फस्त केली की जंगली बाटली पाम बोटांवर मोजण्याइतके उरले होते. जगभरच्या हॉटेलांच्या दारात मात्र त्यांची पलटण उभी. माझे दोघे त्या बेटावरून आले नव्हते, हे खरं. ते आंध्रातल्या कडियमहून आले होते. राजमहेंद्रवरमजवळचं कडियम म्हणजे देशभरच्या झटपट बागांचं माहेर. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेली झाडं तिथून ट्रकांवर आडवी होऊन देशभर निघतात. तिथे जानेवारीची रात्र अठरा-एकोणीस अंशांची. म्हणजे एका प्रवासात आम्ही त्या झाडाचे दहा अंश कापले. झावळ्या ताडपत्रीबाहेर राहिल्या होत्या, त्या वाऱ्याने चिंध्या झाल्या, ते वेगळंच.

दुसरी चूक खड्ड्याची. आमच्या अंगणाची माती काळी, चिकण; इकडचे शेतकरी असल्या मातीला काबर म्हणतात. उन्हाळ्यात ती भेगाळते, भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. अशा मातीत खोल खड्डा खणला की ती विहीर होते. खड्डा आदल्या रात्री पाण्याने भरायचा आणि सकाळी बघायचं. पाणी तसंच दिसलं तर तिथे झाड लावायचं नाही, किंवा जमिनीवर दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्यावर लावायचं. हे मला ठाऊक होतं. मी बघितलंही नाही. माळ्याने तर फूटभर बुंधासुद्धा मातीत पुरला. ‘‘हिलेगा नहीं,’’ म्हणाला. ताडाची नवी मुळं बुंध्याच्या तळातून फुटतात. तो भाग खोल गाडला की मुळांचा श्वास कोंडतो. पण फोटोत उंची सारखी दिसली पाहिजे होती. डावा पाम उजव्यापेक्षा बोटभर उंच होता, म्हणून डावा आणखी खोल पुरला. एका खुनात असा पूर्वनियोजितपणाही होता.

तिसरी चूक कोयत्याची. कुंडी फोडल्यावर मुळांचा गुंता दिसला, तसा माळ्याने कोयता घेऊन चौफेर चार उभे घाव घातले. ‘‘जड़ खुल जाती है, मास्साब.’’ पिंपळ-वडाच्या कुंडीत हे चालतं, कारण त्यांची मुळं जाड होत जातात आणि एकमेकांचा गळा आवळतात. ताडाचं मूळ जन्मतः जेवढं जाड, तेवढंच मरेपर्यंत. ते गळा आवळत नाही. त्याला सोडवायची गरजच नसते. जे काही कापलं ते नुसतं कापलं. मी शेजारी उभा होतो. हातात चहाचा कप होता.

चौथी चूक सांगताना हात थरथरतो. रिसेप्शनच्या दुपारी मंडपवाल्याच्या पोराने दोन्ही बुंध्यांत दोन-दोन इंची खिळे ठोकले, लाइटच्या माळा अडकवायला. ठक, ठक, ठक, ठक. चार. त्या प्रत्येक ठोक्याला माझ्या डोक्यात उजवीकडचं वर्तुळ उमटत होतं. जखम भरत नाही, लिहून घ्या. ताडाच्या अंगावरच्या ओल्या जखमेचा वास लाल सोंड्या भुंग्याला लांबून लागतो. मादी तिथे अंडी घालते, अळ्या आतून गाभा पोखरतात. हा भुंगा मूळचा आपल्याकडचा. स्पेनमध्ये १९९० च्या दशकात इजिप्तहून शोभेचे मोठे खजूर आणून लावले, त्यांच्या पोटातून तो तिथे पोचला आणि भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने रांगाच्या रांगा ओस पाडत गेला. झटपट उंचीची ती किंमत. मला हे सगळं माहीत होतं. मी त्या पोराला काय म्हणालो? ‘‘जरा वर ठोक, बाळा, माळ लोंबतेय.’’

रात्री मात्र शोभा आली. नाकारत नाही. व्याही म्हणाले, ‘‘अगदी दुबईत आल्यासारखं वाटतं.’’ नर्मदेच्या काठी वाढलेल्या माणसाला आपल्या दारात दुबई वाटावी, यात त्यांना कौतुक वाटलं आणि मला, खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं.

पुढचा मृत्युलेख थोडक्यात. माळी रोज सकाळी नळी सोडत होता, कारण ‘नया पेड़ है’. गार चिकण माती, वर रोज पाणी, आत मुकी मुळं. जानेवारीत झावळ्या तांबूस झाल्या. माळी म्हणाला, ‘‘पुराने पत्ते हैं.’’ फेब्रुवारीत मधलं सुरळीचं पान उघडेना. माळी म्हणाला, ‘‘गर्मी में फूटेगा.’’ मी जीवशास्त्राचा शिक्षक, मीही म्हणालो, फूटेगा. शिमग्याच्या आधी धीर करून ते पान दोन बोटांत धरलं आणि हलकंच ओढलं. ते अलगद हातात आलं, टोकाला कुजलेल्या ताडीचा वास घेऊन. कोंब सडला होता. कोकणातला बागायतदार अशा वेळी गाभा साफ करून बोर्डो मिश्रण ओततो आणि कधी कधी माड वाचवतोही. पण तो वेळेवर ओढून बघतो. आठवड्याने दुसऱ्याचंही पान तसंच निघालं.

होळीची वर्गणी मागायला गल्लीतली पोरं आली, तेव्हा मी म्हटलं, हे दोन बुंधे घेऊन जा रे. त्यांनी कुऱ्हाड घालून पाहिली. आत ओले, केसाळ धागे. पोरांचा म्होरक्या म्हणाला, ‘‘इसमें लकड़ी कहाँ है, मास्साब?’’ शंभर टक्के बरोबर उत्तर. कँबियम नाही म्हणून लाकूड नाही. होलिकेनेही नाकारलेले ते दोन बुंधे शेवटी महापालिकेच्या कचरागाडीतून गेले.

आता माळ्याला शिव्या देणं सोपं आहे. देणार नाही. त्याचं ‘लग जाएगा’ हे वाक्य नीट बघा. व्याकरणाने निर्दोष आणि जबाबदारीतून पूर्ण मुक्त. त्यात कर्ता झाड आहे. लावणारा कुठेच नाही. आपल्या मराठीतही लावणं वेगळं आणि लागणं वेगळं. कलम लावलं, हे कुणीही म्हणेल. कलम लागलं, हे वर्षाने कळतं. लावणं आपलं काम, लागणं झाडाचं. आणि आपली हयात सगळी लावण्याच्या फोटोत चालली आहे. २ जुलै २०१७ रोजी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी एका दिवसात सहा कोटींहून अधिक झाडं लावल्याचं जाहीर झालं. महिना तरी बरोबर निवडला होता, माझ्यापेक्षा ते सरकार हुशार. पण त्यातली लागली किती, हा प्रश्न विचारला की सभेत खुर्च्या मोडण्याचा आवाज येतो. मी त्या सभेतला नाही असं मला वाटत होतं. माझी सभा दोन झाडांची होती, एवढाच फरक.

घराबाहेर पडलो तरी सुटका नाही. कुठल्याही शहरातल्या नव्या कॉलनीचं फाटक बघा, रस्त्याचा दुभाजक बघा : क्यूबाचे रॉयल पाम, ऑस्ट्रेलियाचे फॉक्सटेल, मादागास्करचे बिस्मार्किया, सगळे सलामी देत उभे. मे महिन्यात बेचाळीस अंशांत त्यांची सावली केवढी? खांबाएवढी. रिक्षावाला त्या सावलीत उभा राहिला तर त्याचा एक खांदा भाजतो. वरून रॉयल पामची दहा फुटी झावळी सुटली की खाली ज्याची स्कूटर असेल त्याने देवाचं नाव घ्यावं. झाडाने सावली द्यावी, फळ द्यावं, पाखराला बसू द्यावं, या अपेक्षा आम्ही सोडल्या. आता झाडाने फक्त उंच दिसावं. ब्रोशरमध्ये उभं राहावं. आणि तेही उद्याच.

कुणी म्हणेल, थंड देशांतले लोक नाहीत का ताड वाढवत? वाढवतात. पण कसे, ते ऐका. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८० च्या दशकात बांधलेली ऑरेंजरी आहे. संत्री, डाळिंबं, ताड असली हजारावर झाडं तिथे लाकडी पेट्यांत राहतात. ऑक्टोबरात पेट्या आत, मे महिन्यात बाहेर. राजे गेले, क्रांती झाली, दोन महायुद्धं झाली. पेट्यांचं वेळापत्रक तेच. म्हणजे चौदाव्या लुईलासुद्धा कळत होतं की या झाडाला जमिनीत गाडायचं नसतं, थंडीत आत घ्यायचं असतं. लंडनच्या क्यू बागेत १८४६ साली चिलीहून आलेल्या बियांतून एक ताड वाढवला गेला. काचघराच्या छताला टेकेपर्यंत त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं दिली. काचघराची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा जगातल्या सर्वांत जाणत्या माळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि कबूल केलं की हा हलणार नाही. तोडला. हलवणं जमणार नाही असं म्हणायला क्यू बागेला लाज वाटली नाही. नेपियर टाउनच्या फाटकाशी मात्र सगळं ‘लग जाएगा’.

शिवाय थंडी सोसणाराच ताड हवा असेल तर तो आपल्या देशात आहे. पिथौरागढजवळच्या थलकेदार डोंगरावर, बर्फ पडणाऱ्या उंचीवर, ट्रॅकिकार्पस टाकिल नावाचा ताड रानात उगवतो. पण तो जबलपूरच्या मे महिन्यात होरपळेल. हवामानाला दोन टोकं असतात, आणि झाडाला दोन्ही टोकांवर जगावं लागतं. बाग सजवणाऱ्या कन्सल्टंटच्या संगणकावर फक्त ऑक्टोबर असतो.

आणि या भागाला ताड नवे आहेत का? दिंडोरी जिल्ह्यातल्या घुघुआला जाऊन या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत, त्यांत ताडवर्गातलीही आहेत. तेव्हा इथे ऊब होती, ओल होती, ताड मुकाट वाढत होते. हवा बदलली तसे ते गेले. जे राहायचे ते राहिले : नाल्याच्या काठाने, बांधावर, पडीक जमिनीत उगवणारी खजुरी. इकडे तिला छिंद म्हणतात, आपण मराठीत शिंदी. छिंदवाड्याला नाव तिचंच, असं सांगतात. तिच्या पानांचे झाडू होतात, नवरदेवाच्या डोक्यावरचा मौर होतो. बेचाळीस अंशांत ती उभी असते, चार अंशांतही उभी असते, आणि तिचं पोट बाटलीसारखं नसतं, म्हणून तिच्या शेजारी कुणी सेल्फी घेत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मौर होता. मौराची पानं ज्या झाडाची, ते झाड दारात लावावं असं मात्र एकाही शहाण्याला वाटलं नाही. शहाण्यांमध्ये पहिलं नाव माझं.

मुलगी आता पुण्याला असते. गेल्या दिवाळीला आली तेव्हा फाटकाशी थांबून तिने दोन्ही मोकळ्या आळ्यांकडे पाहिलं. काही बोलली नाही. लग्नाच्या अल्बमच्या पहिल्या पानावर ते दोघे अजून हिरवेगार आहेत, मानेत खिळे ठोकलेले, आणि मधोमध मी, फेटा बांधून, कमरेवर हात ठेवून. नुकताच काही पराक्रम केल्यासारखा.

परवा, डिसेंबर लागला तसा, माळी आला. रिकाम्या आळ्यांकडे बघून चुकचुकला. म्हणाला, यंदा फॉक्सटेल आलेत, बारा फुटी, एकदम तयार माल. या वेळी गॅरंटी. मी त्याला म्हटलं, फॉक्सटेल नको. मला छिंदचं रोप आणून दे. वीतभराचं चालेल. जूनमध्ये आण. काय घ्यायचे ते पैसे घे.

तो आधी हसला. मग मी थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याला माझी कीव आली असावी.

‘‘छिंद कौन बेचता है, मास्साब?’’ तो म्हणाला. ‘‘वो तो अपने आप लगता है.’’